तुझ्या बॅनरवरचा अर्धा र

नयना, तुझा श्रद्धांजलीचा बॅनर दोनदा छापावा लागला.

तू असतीस तर बाकी काही ऐकून घेण्याआधी हेच विचारलं असतंस, की पहिला कशाला वाया घालवलात. म्हणून आधी तेच सांगते.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या बिल्डिंगच्या कमिटीतले सावंत गिरगावात आमच्या प्रेसमध्ये आले. तुझा एक फोटो घेऊन आले होते. कुठल्याशा लग्नातला, निळ्या साडीतला. त्यात तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेस, बाजूला कोणाला तरी बोट दाखवून काहीतरी बजावते आहेस. सावंत म्हणाले, "प्रज्ञाताई, लालबागच्या नाक्यावर लावायचाय. तुम्हीच करा. दुसऱ्या कोणाकडे दिला की काहीतरीच लिहून ठेवतात." मजकूर त्यांनीच सांगितला. साऱ्यांच्या मदतीला धावून जाणाऱ्या आमच्या नयनाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

मी खुर्चीत बसले आणि सवयीने आपलंच, आपण दोघी ज्यावर काम करत आलो ते छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यातही चाचणीची आवृत्ती, जी अजून जगाला द्यायची होती. नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी प्रेसमधलं खरं काम त्यात करून बघायचं, हे वळण तूच मला लावलेलं. स्क्रीनवर अक्षरं नीट दिसत होती. मी फाईल फ्लेक्सवाल्याकडे पाठवली आणि लगेच बंद केली. तुझ्या त्या बोटाकडे मला फार वेळ बघवत नव्हतं.

संध्याकाळी सावंतांचा फोन आला. "ताई, बॅनर बांधला. पण तुम्ही एकदा येऊन बघून जा."

मी आले. खांबाला बांधलेल्या बॅनरवर तुझ्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "सायांच्या मदतीला धावून जाणाया आमच्या नयनाताई". खाली दोन माणसं चहा पीत उभी होती. त्यांतल्या एकाने मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्याला विचारलं, "सायां म्हणजे रे? त्यांचं गाव काय?"

ऱ्यमधला अर्धा र गळून पडला होता. बाकी अक्षरांचा डौल शाबूत, फक्त ती छोटी आडवी रेघ नाही, आणि शब्द मेलेला. आपण दोघी शेवटचं भांडलो ते याच रेघेवरून.

सावंत बिचारे मलाच समजावत होते. "होतं ताई. तुम्ही पण त्या मनःस्थितीत…" मी म्हटलं, माझी चूक नाही हो, सॉफ्टवेअरची आहे. ते हो म्हणाले, पण त्यांना ते पटलं नाही. मी दुसरा बॅनर जुन्या आवृत्तीत करून दिला.

त्या नाक्यावर जमलेल्या माणसांना तू माहीत होतीस ती परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या तारखा लावणारी नयनाताई म्हणून. कोणाच्या वडिलांचा मोतीबिंदू, कोणाच्या बहिणीची गाठ, सगळे तुझ्या दारात यायचे. तू त्यांना रांगेत पुढे घुसवायची नाहीस. फक्त नीट सांगायचीस कुठे उभं राहायचं, कुठले कागद लागतील. तरी ते तुला दुवा द्यायचे. पण घरी येऊन चहा झाला की लॅपटॉप उघडून तू काय करतेस, हे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. आणि जगभरात विखुरलेल्या ज्या माणसांना ते माहीत होतं, त्यांच्यापैकी एकालाही लालबाग ठाऊक नव्हतं. दोन्हीकडचं माहीत असलेली मी एकटी. तू जिवंत असताना मला याची गंमत वाटायची.

काकींना तरी कुठे माहीत होतं. तू फोनवर कोणाला तरी इंग्रजीत "फ्रीज, फ्रीज" म्हणून दटावायला लागलीस की तुझी आई आतून विचारायची, "काय गो, फ्रीज परत बिघडलो?" आणि तू उत्तर द्यायचीस, "हां आये, तेचोच माणूस बोलावतंय."

आपण भेटलो ती जागाही आता नाही. दादरला त्या हॉलमध्ये रविवारी काही लोक मोफत सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करायला जमायचे. आमच्या प्रेसच्या मालकांनी चोरून आणलेल्या सॉफ्टवेअरवर सगळं काम चालवलं होतं, आणि मला त्याची भीती वाटायची, म्हणून मी आले होते. पत्रिका, पुस्तिका, पोस्टर लावता येतील असं फुकटचं काही मिळतं का बघायला. तू का आली होतीस ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तू म्हणायचीस, "घरी पंखा बंद होता." त्या सगळ्या पुरुषांत आपण दोघीच बायका, त्यामुळे चहाच्या वेळी शेजारी बसणं ओघानेच आलं. कोणीतरी मेनूमधल्या 'सेव्ह'चं मराठी केलं होतं, 'फाईलचे रक्षण करा'. तू कपातून तोंड न काढता म्हणालीस, "कोणापासून?"

मी इतकी हसले की चहा सांडला. तेव्हा माझं नायगावच्या चाळीतलं घर होतं, घरात आजारी वडील, आमचे अण्णा, होते, आणि मी बऱ्याच दिवसांत हसले नव्हते.

मग तिथेच कळलेल्या, पानं लावायच्या एका मोफत सॉफ्टवेअरचं मी भाषांतर करायला लागले आणि तू त्यातल्या चुका शोधायला. चुका शोधता शोधता तुझ्या लक्षात आलं, की या पसाऱ्यात कोणी कोणाचं ऐकत नाही. सगळे आपापल्या घरून, आपल्या मर्जीने, फुकट काम करतात. एक म्हणतो माझं अजून झालं नाही, दुसरा म्हणतो मी नवीनच काहीतरी सुरू केलंय, आणि नवी आवृत्ती लोंबकळत राहते. आधी तारखा सांभाळणारा गृहस्थ कंटाळून निघून गेला होता. तू एक दिवस तिथे लिहिलंस, की वर्षातून दोनदा आवृत्ती निघेल, तारखा या, त्याच्या महिनाभर आधी दार बंद. दार बंद म्हणजे नवीन काही घ्यायचं नाही, असलेलं फक्त दुरुस्त करायचं. त्यालाच ते फ्रीज म्हणतात. तुला कोणी नेमलं नव्हतं. पण कोणी नकोही म्हणालं नाही, कारण तेवढं कंटाळवाणं काम दुसऱ्या कोणाला नकोच होतं.

"सर्जन काय आणि प्रोग्रॅमर काय," तू म्हणालीस, "दोघांना वाटतं आपलं काम संपलं की दिवस संपतो."

लोक चिडायचे. महिनोन्महिने खपून केलेलं काम चार दिवस उशीर झाला म्हणून तू पुढच्या आवृत्तीत ढकलायचीस. ब्राझीलमधला तियागो, जो अक्षरं आणि फाँट यांचं सगळं बघतो, त्याने एकदा तुला लिहिलं होतं की तुला हृदय नाही. मी ते वाचून तुझ्या वतीने खूप चिडले. तू मात्र मला तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. ते माझगावच्या गोदीत फिटर होते. दुरुस्तीला आलेलं जहाज सुक्या गोदीत घेतात आणि काम झालं की मोठ्या भरतीच्या वेळी दार उघडून त्याला बाहेर काढतात. भरतीपर्यंत तयार झालं तर झालं. नाही झालं तर पुढची मोठी भरती येईस्तोवर तिथेच. "बाबा म्हणायचे, समुद्राला विनंतीअर्ज चालत नाही," तू म्हणालीस. "मी लोकांना समुद्र देते, प्रज्ञा. माझ्यावर रागावून फायदा नाही एवढं कळलं की ते कामाला लागतात."

तियागोने पुढे तुझी माफी मागितली. तू त्याला उत्तरात फक्त पुढच्या फ्रीजची तारीख पाठवलीस.

थांबायचं कधी, याचा नियमही तुझाच. माणसाचं काम हरवत असेल किंवा नासत असेल, तर तो अडसर, तो निघाल्याशिवाय आवृत्ती बाहेर जाणार नाही. बाकी सगळं, कितीही कुरूप असो, पुढच्या वेळी.

आता त्या दुपारबद्दल.

तू स्वतःच्याच हॉस्पिटलात पेशंट होऊन पडली होतीस. तुझी तारीख तुझ्या जागेवर बसलेल्या मुलीने लावली होती, आणि तू तिला बोलावून विचारलं होतंस, "कोणाला मागे सारून मला पुढे नाही ना घेतलंस?" ऑपरेशन होऊन गेलं होतं. डॉक्टर काकींशी हळू आवाजात बोलायला लागले होते. फ्रीज होऊन गेला होता, आवृत्तीची तारीख जवळ आली होती, आणि तू उशाशी फोन ठेवून सगळं चालवत होतीस. नर्स ओळखीच्या, त्या काही बोलत नसत.

मी म्हटलं, "ऱ्य बिघडलाय. पीडीएफ केली की अर्धा र वाकडा होऊन शेजारच्या अक्षरावर चढतो. तियागो म्हणतो आठवडा दिलात तर करतो. तारीख आठवडाभर पुढे घे."

"वाचता येतं?"

"येतं. पण घाण दिसतं."

"मग अडसर नाही. नंतरच्या छोट्या दुरुस्तीत घेऊ."

"दर वेळी आपलंच नंतर, नयना. बाकीच्यांच्या भाषा पहिल्या दिवसापासून गुळगुळीत. एकदा तरी मराठीसाठी थांब. कॅलेंडर तुझ्या हातात आहे."

"हातात आहे म्हणूनच नाही."

"हे काय उत्तर झालं?"

तू उशीवर जरा वर सरकलीस. तुला दुखलं ते मला दिसलं. "मी मराठीसाठी थांबवलं, तर उद्या तो थाईवाला येईल त्याला कुठल्या तोंडाने सांगू की वाचता येतंय ना, मग पुढच्या वेळी? आपलं आहे म्हणून थांबा, हे कारण मला देऊ नकोस. दुसरं असेल तर दे."

"दुसरं नाही. आपलं आहे, एवढंच आहे. कमी आहे का?"

"मग नाही."

मी पिशवी उचलली. म्हटलं, उद्या येते. तू डोळे मिटून म्हणालीस, "ये. पण हे घेऊन येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तुला आयसीयूत हलवलं होतं आणि काकींशिवाय कोणाला सोडत नव्हते. त्यानंतर मी तुला पाहिलं ते घरी आणल्यावर. एवढ्या वर्षांच्या बोलण्यातलं तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य ते. हे घेऊन येऊ नकोस.

रागावले नाही मी त्यावर. आजारी माणसाशी लोक गोड बोलतात, ते सोडून आपण भांडलो याचं मला उलट बरं वाटतं. तुझ्याकडे येणारे बाकी सगळे तुझे पाय चेपत होते. मी एकटी तुझ्याशी कामाचं बोलत होते, आणि तू मला नेहमीसारखं उडवून लावत होतीस. फक्त त्या भांडणाला दुसरा दिवस मिळायला हवा होता. आपली भांडणं दुसऱ्या दिवशी संपायची.

तुझी बातमी मीच सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर लिहिली. तुझं नाव घेऊन 'ती आता नाही' हे इंग्रजीत लिहिताना मला ते खोटं वाटत होतं, शाळेतल्या वाक्यासारखं. उत्तरं आली. सगळी सभ्य, सगळी मनापासून. हान्ना, जी जर्मनीतून शेवटच्या फाईली बांधून देते, तिने लिहिलं, "प्रज्ञा, तू काही करू नकोस. आवृत्ती थांबवू. हवे तेवढे दिवस. तिच्यासाठी आम्ही सगळे थांबायला तयार आहोत." त्याखाली भराभर सगळ्यांचे होकार.

मला फक्त हो म्हणायचं होतं. दिवस मिळाले असते, तियागोने ऱ्य दुरुस्त केला असता, कोणाला काही विचारावंही लागलं नसतं. मोह झाला, नयना. त्या दिवशी मी प्रेसमधून थेट घरी न जाता विहारात जाऊन बसले. तिथे कोणी काही विचारत नाही म्हणून. अण्णा गेले तेव्हाही मी तिथेच बसले होते, पण तेव्हा तू बाहेरच्या पायरीवर माझ्या चपलांशेजारी बसून राहिली होतीस. आत ये म्हटलं तर म्हणालीस, मला मांडी घालून बसवत नाही. या वेळी बाहेर येऊन पायात चपला घालताना मी तिकडे बघितलं. बघू नये असं ठरवूनही बघितलं.

तुझ्या मरणाच्या आडून मला तो ऱ्य दुरुस्त करून घ्यायचा नव्हता. तू कोणासाठी तारीख हलवली नाहीस, आता तुझ्यासाठीच हलवायची आणि त्यात माझं काम साधून घ्यायचं? पण बॅनर तर मी पाहिला होता. 'वाचता येतं' हे आता खरं राहिलं नव्हतं.

म्हणून मी लिहिलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, एकेका वाक्याला वेळ लागला. लिहिलं, की नयनासाठी थांबू नका, तिला ते आवडलं नसतं. पण एक अडसर आहे, तो वेगळा बघा. आणि बॅनरचा फोटो पाठवला, तुझा चेहरा कापून, फक्त अक्षरांचा.

वाद झाला. परवापर्यंत तुझ्यासाठी वाटेल तेवढं थांबायला निघालेली माणसं एका अक्षरासाठी थांबायला लगेच तयार होईनात. आणि ते बरोबरच होतं. तियागोच्या मशीनवर र गळत नव्हता, नुसता वाकडा होत होता. एकजण म्हणाला, हा त्या छापणाऱ्याच्या मशीनचा दोष असेल. दुसरा म्हणाला, एका भाषेतलं एक जोडाक्षर, पुढच्या दुरुस्तीत घ्या. मी 'आमची भाषा' असं एकदाही लिहिलं नाही. बोटं तिकडे जात होती, पण लिहिलं नाही. प्रेसमधली जुनी कामं नव्या आवृत्तीतून काढली. जाड अक्षरांत, मोठ्या आकारात र दर वेळी गळत होता. दुसऱ्याचं दुसया, बिचाऱ्याचं बिचाया. मग मी लिहिलं, की त्या नाक्यावर एक मराठी माणूस हे वाचत होता आणि त्याने विचारलं, हे गावाचं नाव आहे का. त्याला वाचता आलं नाही. हे वाईट दिसणं नव्हे, हे हरवणं आहे.

तियागोने स्वतःच्या मशीनवर पुन्हा काढून बघितलं. मग म्हणाला, "जाड अक्षरांत मलाही दिसलं. ती बरोबर आहे, अक्षर हरवतंय." आणि हान्नाने तुझा नियम जसाच्या तसा खाली चिकटवला आणि लिहिलं, अडसर. एक आठवडा.

मी जिंकले, नयना. तुझ्याच नियमाने. मशीनवर कोणाची तरी लग्नपत्रिका छापली जात होती. आमचे कटिंगवाले शिंदे म्हणाले, "काय ताई, काय झालं?"

"काही नाही. र आला."

"कुठला र?"

शिंद्यांना ते कळायला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तुला मात्र सगळं एका शब्दात कळलं असतं. तू म्हणाली असतीस, हे कारण त्या दुपारी का नाही आणलंस? मी म्हटलं असतं, त्या दुपारी तो गळत नव्हता, निदान मला दिसला नव्हता. तू म्हणाली असतीस, मग त्या दुपारी मी बरोबर होते. आणि मी म्हटलं असतं, हो, त्या दुपारी तू आणि आज मी. एवढंच बोलणं बाकी आहे. फार नाही. पण ते मराठीत बोलायचं होतं, आवाज चढवून. त्या ग्रुपवर आता सगळे माझ्याशी फार सांभाळून वागतात. मला कोणी "मग नाही" म्हणत नाही.

कापलेल्या फोटोच्या कोपऱ्यात तुझ्या साडीचा निळा तुकडा राहून गेला होता. तो हान्नाला दिसला. तिने मला वेगळं विचारलं, "हा नयनाचाच फलक आहे का? आम्ही तिला कधी पाहिलं नाही." खरंच की. तुझ्या नावापुढे कायम त्या गोदीतल्या क्रेनचं चित्र. कॅमेरा लावायचा म्हटलं की तू म्हणायचीस, चेहरा बघून कोणी तारीख पाळत नाही. तुला आवडलं असतं की नाही, मला ठरवता येईना. मी काकींकडे आले.

काकी पलंगावर बसून वाल सोलत होत्या. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. की नयना एक काम करायची, त्याचे पैसे मिळत नव्हते, जगभरातली माणसं तिचं ऐकायची, आणि आता त्यांना तिला बघायचंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दाखय मगे," म्हणाल्या. "माझा चेडू काय चोर होता?"

मी दुसरा, नीट छापलेला बॅनर अख्खा पाठवला. लालबागचा खांब, तारा, मागचं औषधांचं दुकान, आणि तू. पहिलं उत्तर हान्नाचं आलं. "ती कोणाला रागावते आहे?" लगेच दुसरं आलं, "मला ती अशीच रागवायची. मला वाटायचंच ती अशी दिसत असेल." तियागोने स्वतःच्या नावापुढचा फोटो काढून तिथे तुझी क्रेन लावली. अजून आहे.

काकी म्हणाल्या, वाच काय लिहितत ता. मी एकेक मराठीत करून सांगत गेले. कोण कुठला, ते आधी विचारायच्या, मग ऐकायच्या. कोणी लिहिलं होतं की तुझ्यामुळे त्याला काम पूर्ण करायची सवय लागली. कोणी लिहिलं होतं की त्याला तुझी भीती वाटायची आणि आता ती भीती नसल्याचं वाईट वाटतंय. बरंच झाल्यावर काकी म्हणाल्या, "एवढी माणसा. आणि एक पण इला नाय."

"लांब आहेत काकी."

"लांब तर आमचो गाव पण आसा." आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

मला वाटलं त्यांना राग आला. पण मी निघताना त्यांनी विचारलं, की ते राहिलेलं काम कुठे बसून करणार. मी म्हटलं, घरी. म्हणाल्या, हंयच कर, तिच्या टेबलावर, दुपारी ये.

मी एक दिवस सुट्टी टाकली आणि आले. खिडकीतलं तुझं टेबल तसंच होतं. खुर्चीवर तू घेतेस ती उशी होती, ती मी काढली नाही, तिच्यावरच बसले. तियागोची दुरुस्ती येऊन तपासून झाली होती. मी पुन्हा एकदा साऱ्यांच्या, जाणाऱ्या, असं जाड अक्षरांत लिहून फाईल काढली आणि सगळे र मोजल्यासारखे बघितले. होते. मग तू करायचीस त्या क्रमाने एकेक करत गेले. हान्नाने बांधलेल्या फाईली जागेवर ठेवल्या, भाषांतरं बघितली, निवेदन वाचलं. कोणीतरी सुचवलं होतं की ही आवृत्ती तुझ्या नावाने अर्पण करू. मी नको म्हटलं. समन्वयाच्या ओळीत नेहमी तुझं नाव असतं, ते तिथेच ठेवलं. या आवृत्तीचं काम तू केलं आहेस. मी फक्त आठवडा लांबवला.

बटण दाबलं. थोड्या वेळाने जगात कुठे कुठे लोक ती उतरवून घ्यायला लागल्याचं दिसायला लागलं. कोणी लिहिलं, छान. कोणी विचारलं, पुढची कधी. मी बघत बसले. रस्त्यावर कोणीतरी मिरची कांडणाऱ्या दुकानापुढे गाडी लावण्यावरून भांडत होतं, आणि खोलीत मसाल्याचा तिखट वास येत होता. या वासात बसून तू एवढी वर्षं शांतपणे लोकांना तारखा देत होतीस.

आतून काकींनी विचारलं, "गेली?"

मला आधी वाटलं, त्या तुझ्याबद्दलच विचारतायत. मी वळून बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पदराला पुसत, अगदी साध्या चेहऱ्याने. मग माझ्या लक्षात आलं. आवृत्ती बाहेर पडली की तू फोनवर मला हाच एक शब्द सांगायचीस, आणि त्यांनी तो इथे उभं राहून दर वेळी ऐकला होता. काय जातं, कुठे जातं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. फक्त ते गेलं की मुलगी मोकळी होते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"गेली, काकी," मी म्हटलं.

त्या शब्दातला दुसरा अर्थ त्यांनाही ऐकू आला असावा. त्यांनी दाराची चौकट धरली आणि सोडली.

"मगे जेव आता," म्हणाल्या. "मी वाढतंय."

मी लॅपटॉप मिटला आणि हात धुवायला उठले.